मासे मरण्याआधी: हवामानाच्या आकड्यांवरून नदीतला धोका कसा ओळखायचा

नदीत मासे मेल्याच्या बातमीत तीन गोष्टी हमखास असतात: बंधाऱ्याला लागून पडलेला माशांचा खच, काठावर जमलेली माणसं आणि 'पाण्याचे नमुने तपासणीसाठी पाठवण्यात आले' हे वाक्य. नमुना घेईपर्यंत ज्या पाण्यानं मासे मारले ते पाणी पुढे निघून गेलेलं असतं, आणि अहवाल येईपर्यंत लोक विसरलेले असतात. यातून सुटायचं तर आदल्या संध्याकाळीच सावध व्हायला हवं. त्यासाठी लागणारी बरीचशी माहिती हवामानाच्या आकड्यांत फुकट पडलेली आहे.

मासे मरतात ते सांडपाण्यामुळे, मळीमुळे, अडवलेल्या आणि आटलेल्या पाण्यामुळे. हवामान फक्त तारीख ठरवतं. म्हणून पुढचं वाचून 'उन्हाळा कडक होता, म्हणून मासे मेले' असं सर्टिफिकेट कुणाला देऊ नका. तसं सर्टिफिकेट हवं असणारे नदीकाठावर पुष्कळ आहेत.

उदाहरणाला पंचगंगा घेतली आहे, कारण इथे सगळ्या प्रकारचं दुखणं एकाच नदीत बघायला मिळतं. इंद्रायणी, मुळा-मुठा किंवा सांगलीजवळच्या कृष्णेवर काम करणाऱ्यांनी गावांची नावं बदलून घ्यावीत. पद्धत तीच राहील.

आधी एक बंधारा निवडा

नवीन माणूस उत्साहात अख्खी नदी कवेत घेतो आणि महिन्याभरात वही बंद करतो. तुम्ही एकच बंधारा घ्या. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीचं पाणी घेऊन पंचगंगा कोल्हापूर शहराला लागून वाहते, इचलकरंजीवरून शिरोळ तालुक्यात उतरते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वाटेत राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे एकामागे एक आहेत. पावसाळा सरला की त्यांच्या गाळ्यांत बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बसवतात आणि नदीचे लांबट तलाव होतात. मासे मरतात ते बहुतेक वेळा या तलावांत. तेरवाडच्या बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा थर साचल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आल्या आहेत.

वहीच्या पहिल्या पानावर त्या बंधाऱ्याची कुंडली मांडा. मागचं पाणी किती खोल आहे, कुठला नाला नेमका कुठे मिळतो, जलपर्णी किती पात्र झाकते, उपशाच्या मोटारी किती, आणि पाणी सध्या बर्ग्यांवरून सांडतंय की खाली अडून राहिलंय. शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची. सांडणारं पाणी हलतं असतं. न सांडणारं पाणी तुमच्या कामाचं.

ऑक्सिजनचा हिशेब

पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९.१ मिलिग्रॅम, २५ अंशांना ८.३, ३० अंशांना ७.६ आणि ३५ अंशांना ७ च्या आसपास. कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब कमी, म्हणून यातले सहा टक्के आणखी वजा करा. म्हणजे मे महिन्यात ३२ अंशांवर गेलेलं पाणी अगदी स्वच्छ असलं तरी ६.८ च्या वर ऑक्सिजन धरून ठेवत नाही.

त्याच वेळी मागणी वाढते. घाण कुजवणाऱ्या जिवाणूंचा वेग दहा अंशांमागे दीडपट होतो आणि माशाची स्वतःची ऑक्सिजनची गरज दुपटीच्या जवळ जाते. जमा घटली आणि खर्च वाढला, असा दुहेरी मार.

आता एक रात्र धरू. संध्याकाळी सहाला बंधाऱ्यामागच्या पाण्यात ६.८ मिलिग्रॅम आहे. शेवाळ, जिवाणू, गाळ आणि मासे मिळून तासाला ०.४ खातात. वारा पडलेला असल्यानं हवेतून भर पडते ती तासाला जेमतेम ०.०५. सकाळी सहापर्यंत बारा तासांत निव्वळ ४.२ गेले, उरले २.६. चारच्या खाली रोहू-कटल्याला त्रास सुरू होतो, दोनच्या खाली ते मरायला लागतात. म्हणजे ही रात्र निभावली. पण संध्याकाळची सुरुवात ६.८ ऐवजी ५.५ ने झाली असती तर? पहाटे १.३. फरक एवढाच, की दिवसभर ढग होते आणि शेवाळानं दुपारी ऑक्सिजन बनवलाच नाही.

हे आकडे हिशेब समजावण्यापुरते धरलेले आहेत, तुमच्या बंधाऱ्याचे वेगळे निघतील. पण नीचांक पहाटे, सूर्योदयाच्या जरा आधी येतो हे कुठेही बदलत नाही. दुपारी बारा वाजता मोजून 'पाणी ठीक आहे' म्हणणारा अहवाल म्हणूनच फारसा कामाचा नसतो.

अमोनियाची गोष्टही तापमानाशीच बांधलेली आहे. सांडपाण्यातल्या अमोनियाचा विषारी हिस्सा, पीएच ८ असताना, २० अंशांना चार टक्क्यांहून थोडा कमी असतो. ३० अंशांना तो साडेसात टक्क्यांवर जातो. सांडपाणी तेवढंच, विष दुप्पट.

आकडे कुठून घ्यायचे

रोज पाच गोष्टी लागतात: कमाल आणि किमान तापमान, पाऊस, वारा, आणि ऊन किंवा ढग. पाण्याचं तापमान मोजायला कुणी बसलेलं नसतं, म्हणून गेल्या सात दिवसांच्या हवेच्या तापमानाची सरासरी काढा. संथ पाण्यासाठी हा अंदाज पुष्कळ बरा निघतो. यात किमान तापमानाला कमी लेखू नका. दिवसा ३९ आणि रात्री १९ असेल तर पाणी रात्री थोडं सावरतं. दिवसा ३६ आणि रात्री २६ असेल तर सावरायला वेळच मिळत नाही. वर्तमानपत्रं कमाल तापमानाचे मथळे करतात. माशाला किमान तापमान जास्त बोचतं.

पुढच्या पाच दिवसांच्या अंदाजासाठी भारतीय हवामान विभागाचं 'मौसम' ॲप आहे. विजा आणि वादळ जवळ आलंय का हे 'दामिनी'वर कळतं. तासातासाचे आकडे आणि मागच्या वर्षांची जंत्री हवी असेल तर ओपन-मेटिओवर गावाचे अक्षांश-रेखांश टाकून ती थेट एक्सेलमध्ये उघडेल अशी उतरवता येते. तिथे सौर प्रारण, म्हणजे जमिनीवर पोचलेल्या उन्हाचा आकडाही मिळतो. नासाच्या 'पॉवर' या संकेतस्थळावर १९८१ पासूनची रोजची नोंद आहे. दोन्ही फुकट.

आता यातल्या खाचाखोचा. पहिली: ओपन-मेटिओ सांगितलं नाही तर वेळ ग्रीनिचची देतं. भारतीय वेळ निवडायची राहिली की सगळे तास साडेपाचनं सरकतात आणि तुमची पहाट मध्यरात्री येते.

दुसरी: हवामान विभागाचा पावसाचा 'दिवस' सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो. पाच जूनच्या संध्याकाळी पडलेला पाऊस सहा जूनच्या तारखेखाली छापला जातो. मासे सहा तारखेच्या पहाटे मरतात. तारखा नीट न लावता दोन्ही शेजारी ठेवल्या तर पाऊस आणि मासे एकाच दिवशीचे वाटतात, आणि आदल्या संध्याकाळी इशारा देता आला असता हेच दिसत नाही.

तिसरी सगळ्यात मोठी. जुन्या तारखांसाठी ही संकेतस्थळं जी नोंद देतात, ती संगणकानं दहा ते पंचवीस किलोमीटरच्या चौकटींत भरलेली असते, आणि 'पॉवर'च्या चौकटी त्याहूनही मोठ्या. वळीव असा पडत नाही. तो इचलकरंजीत झोडपतो आणि हातकणंगल्यात धूळही बसत नाही. म्हणून तापमान, वारा आणि ऊन संकेतस्थळावरून घ्या, पण पाऊस महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचाच घ्या. कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर मंडळनिहाय रोजचा पाऊस मिळतो. त्यातही दोन मंडळं निवडा: एक बंधाऱ्याजवळचं आणि एक घाटाकडचं, म्हणजे गगनबावडा किंवा राधानगरी. असं का, ते पुढच्या भागात.

वळीव: सगळ्यात धोक्याची संध्याकाळ

लोकांना वाटतं पाऊस आला म्हणजे नदीला जीव आला. जूनच्या मध्यानंतर ते खरं. एप्रिल-मेमध्ये नाही.

दोन महिने कोरडे गेलेले असतात. गटारं, नाले, ओढे यांच्या तळाशी काळा गाळ साचलेला असतो, रस्त्यावरचं तेल आणि घाण जागच्या जागी असते. मग एका दुपारी साडेचारला ढग भरून येतात, वादळ सुटतं, अर्ध्या तासात पारा दहा अंशांनी उतरतो आणि पंधरा मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पाण्यानं नदी वाढत नाही. पण नाले मात्र खडबडून जागे होतात आणि दोन महिन्यांची साठवण एका तासात बंधाऱ्यामागे आणून टाकतात.

त्यातच वारा आणि थंड पाणी डोह ढवळून काढतात. कडक उन्हाळ्यात खोल, स्थिर पाण्याचे दोन थर झालेले असतात: वर गरम आणि बऱ्यापैकी ऑक्सिजनचा, खाली थंड आणि जवळजवळ ऑक्सिजन नसलेला. मासे वरच्या थरात तग धरून असतात. थर मिसळले की त्यांची ती एकुलती एक जागाही जाते.

आणि वेळ बघा. वळीव येतो दुपार सरताना. त्यानंतर लगेच रात्र. म्हणजे नाल्यातली घाण ऑक्सिजन खायला सुरुवात करते नेमकी त्या वेळी, जेव्हा शेवाळाचं काम थांबतं. बारा तास हा खर्च बिनभरपाईचा चालतो. संध्याकाळी वादळ, सकाळी खच.

हवामान विभागाच्या व्याख्येत २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर म्हणजे हलका पाऊस, १५.६ ते ६४.४ म्हणजे मध्यम. नुसत्या अशा पावसाला मुसळधारेचा इशारा नसतो, आणि तेच योग्य आहे, कारण माणसांना त्यापासून धोका नाही. माशांचा धोका मात्र बरोबर याच पट्ट्यात आहे. शंभर मिलिमीटर पडला तर घाण येते, पण नदीही वाहती होते. दहा-वीस मिलिमीटरमध्ये फक्त घाण येते.

दोन मंडळांची जोडी इथे उपयोगी पडते. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि शिरोळला जेमतेम पाचशेच्या आसपास. नदीला ताजं पाणी येतं ते घाटाकडून. खाली पाऊस आणि वर कोरडं, असा दिवस दिसला की वहीत लाल शाईनं लिहा. वरही पडला असेल तर धोका उतरत जातो, जरी ते पाणी पोचायला वेळ लागतो.

आणखी एक कटू गोष्ट. पहिल्या पावसाच्या आडोशानं साठवलेलं सांडपाणी सोडून दिलं जातं, अशी तक्रार नदीकाठचे लोक कायम करतात. ती प्रत्येक वेळी खरी असेलच असं नाही, पण तुमच्या कामापुरता निष्कर्ष तोच: त्या संध्याकाळी जागे राहा.

बाकीचे वाईट दिवस

ढगाळ दिवसांचं वर आलंच. पाणी हिरवंगार असेल तर सलग दोन-तीन ढगाळ दिवस वळवाइतकेच वाईट. सौर प्रारणाचा आकडा आधीच्या आठवड्याच्या सरासरीच्या निम्म्यावर आला की खूण करा. जलपर्णीनं झाकलेल्या पाण्याला मात्र ही खूण लागू नाही. तिथे ऊन आधीच पोचत नाही, तिथली अवस्था बाराही महिने बिकट.

उष्णतेची लाट आणि वारा पडलेला, हा तिसरा नमुना. यात मासे एकदम मरत नाहीत, रोज थोडे थोडे कडेला लागतात.

चौथा नमुना हवामानाचा नाहीच, पण वहीत त्याला रकाना हवा: वरच्या बंधाऱ्याचे बर्गे काढणं. बर्गे एकदम काढले की तळाचं, सडकं पाणी एका लोंढ्यानं खाली येतं. ऊस गाळपाच्या हंगामाचा शेवट आणि धरणातून आवर्तन सुटण्याची तारीखही याच रकान्यात लिहा. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकली परिसरात कृष्णेत हजारो मासे मेले, तेव्हा मे महिन्याचं ऊन सुरू व्हायचं होतं. अशा घटना तुमच्या हवामानाच्या जाळ्यातून निसटणार. त्या निसटल्या म्हणून जाळं टाकून देऊ नका. उलट 'हवामान ठीक असताना मासे मेले' ही नोंद प्रदूषणाच्या तक्रारीत फार वजनदार ठरते.

मेनिंडीकडून काय घ्यायचं

या विषयाचा फार बारकाईनं अभ्यास झालाय तो ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समधल्या मेनिंडी गावाजवळ डार्लिंग-बाका नदीवर. डिसेंबर २०१८ आणि जानेवारी २०१९ मध्ये तिथे तीनदा मोठ्या प्रमाणावर मासे मेले. दुष्काळानं नदीचा प्रवाह थांबला होता, बंधाऱ्यामागच्या पाण्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचा तवंग होता, पाण्याचे गरम-थंड थर झाले होते. पारा चाळिशीच्या पुढे गेला, आणि मग थंड हवेचा झोत आला. थर मिसळले, तळाचं पाणी वर आलं आणि मासे मेले. म्हणजे सगळ्यात तापलेला दिवस त्यातून निभावून गेला होता. मासे मेले ते उकाडा मोडल्यावर. आपल्याकडचा वळीव हेच करतो, वर नाल्यातली घाण आणतो ती वेगळी.

त्याच गावात मार्च २०२३ मध्ये पुन्हा मासे मेले, त्या वेळी दोन ते तीन कोटी असा अंदाज होता. यावेळी दुष्काळ नव्हता, पूर ओसरत होता. पुराचं पाणी रानातला पालापाचोळा घेऊन परतलं होतं, माशांची संख्या वाढलेली होती आणि वर उष्णतेची लाट. एकाच ठिकाणी दोन वेगळे नमुने. म्हणून कोल्हापूर-सांगलीत पूर उतरल्यावरच्या कोरड्या, तापलेल्या दिवसांतही वही उघडी ठेवा. उसाच्या फडात आठवडाभर तुंबलेलं काळं पाणी नदीत परततं, तेव्हा काम तेच होतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये पोलंड-जर्मनीच्या सीमेवरच्या ओडर नदीत शेकडो टन मासे मेले, तेही गरम आणि कमी पाण्यात. पण तिथे खाणींच्या खारट पाण्यामुळे वाढलेल्या सोनेरी शेवाळाच्या विषानं मारलं. पाण्यातला क्षार मोजल्याशिवाय नुसत्या हवामानावरून ते कुणालाही ओळखता आलं नसतं.

गुण कसे द्यायचे

सुरुवातीलाच मशीन लर्निंगच्या मागे लागू नका. एक्सेलचं एक पान पुरतं. खालचे आकडे माझे आणि कामचलाऊ आहेत, तुमच्या बंधाऱ्यावर घासूनपुसून घ्या.

आधी पाया. बंधाऱ्यावरून पाणी सांडत नसेल तर २ गुण. सात दिवसांचं सरासरी तापमान २८ च्या वर असेल तर १, ३० च्या वर असेल तर २. शेवटचा ५ मिलिमीटरचा पाऊस होऊन ३० दिवस उलटले असतील तर १, ६० उलटले असतील तर २. पाणी गडद हिरवं असेल तर १.

मग निमित्त. जवळच्या मंडळात ५ ते ४० मिलिमीटर पाऊस आणि घाटाकडे ५ पेक्षा कमी: ३ गुण. कमाल तापमान एका दिवसात ६ अंशांनी उतरलं: १. ऊन निम्म्यावर आलं: १, दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं: २. रात्रीचा वारा ताशी ५ किलोमीटरच्या आत: १. वरच्या बंधाऱ्याचे बर्गे काढले: २.

एकूण ८ झाले की दुसऱ्या दिवशी पहाटे नदीवर जायचं. ६-७ असतील तर ओळखीच्या मच्छिमाराला फोन करून 'मासे तोंड काढतायत का' एवढं विचारायचं. आणि पाण्याला पाया नसेल, म्हणजे नदी भरून वाहत असेल, तर निमित्ताचे गुण धरूच नका. हा नियम विसरला तर जुलै-ऑगस्टमध्ये पान रोज लाल होईल.

कोरडे दिवस मोजताना एक सवलत देऊ नका: दोन-तीन मिलिमीटरच्या शिडकाव्यानं मोजणी शून्यावर आणायची नाही. त्यानं नाला वाहत नाही, नुसता ओला होतो.

मागच्या तारखांवर पारखून बघा

पान तयार झालं की पुढच्या उन्हाळ्याची वाट बघू नका. मागच्या पाच-सात वर्षांतल्या मासे मेल्याच्या बातम्या काढा. बातमी छापून आली त्याच्या आदल्या दिवशी मासे दिसले आणि बहुधा त्याच पहाटे मेले, असं धरून तारीख मागे घ्या. प्रत्येक तारखेच्या आधीच्या दहा दिवसांचे आकडे पानावर चढवा आणि गुण काढा. तेवढंच करून थांबलात तर स्वतःची फसवणूक होईल, कारण उन्हाळ्यात कुठल्याही दिवसाचे पायाचे गुण चांगलेच भरतात. म्हणून त्याच महिन्यांतले, मासे न मेलेले तेवढेच दिवसही डोळे मिटून निवडा आणि त्यांचेही गुण काढा. दोन्ही ढिगांत फरक दिसला तरच पद्धतीत दम आहे.

खोटे इशारे येणारच. तीन इशाऱ्यांत एक खरा निघाला तरी मी ते यश धरेन. खोट्या इशाऱ्याची किंमत म्हणजे एक मोडलेली झोप. खरा इशारा चुकण्याची किंमत त्याहून फार मोठी. बातम्यांवर मात्र पूर्ण विसंबू नका: शहराजवळ शंभर मासे मेले तरी फोटो येतो, आडगावच्या डोहात हजार मेले तरी घार आणि कुत्र्यांपलीकडे कुणाला कळत नाही. भोई आणि कोळी मंडळींना विचारलंत तर छापून न आलेल्या तारखा मिळतील, 'अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी' अशा स्वरूपात. पंचांग जवळ ठेवा.

पहाटेची फेरी

साडेपाचला पोचा, एकटे जाऊ नका. आधी पाण्याकडे बघा. काठाला झिंगे आणि बारकी मासळी गोळा झाली असेल, रोहू-कटला पृष्ठभागावर तोंडं उघडून हवा घेत असतील, तर ऑक्सिजन संपत आलाय. मरळ आणि मागूर हवेतून श्वास घेऊ शकतात, चिलापीही चिवट. ती शेवटपर्यंत टिकतात. मोठे मासे आधी मेलेत आणि बारके तगलेत, तोंडं उघडी आणि कल्ले पसरलेले, तर ऑक्सिजनचा खेळ. लहानमोठे सगळे एकदम गेलेत आणि त्यात मरळ-मागूरही आहेत, तर विषाचा संशय घ्या.

ऑक्सिजन मोजायला मीटर असेल तर उत्तम. नसेल तर जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाकडून विंकलर पद्धतीचं साहित्य मिळवा. काचेची ३०० मिलिलिटरची बाटली, बुडबुडा न राहता पाण्याखालीच भरायची, जागेवरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालायचं, बूच लावून हलवायची. तपकिरी गाळ बसला तर ऑक्सिजन आहे; रंग जितका गडद तितका जास्त. गाळ पांढरा बसला तर ऑक्सिजन जवळपास शून्य. नेमका आकडा पुढे प्रयोगशाळेत काढता येतो, पण पांढरा गाळ बघायला प्रयोगशाळा लागत नाही. शेजारी त्याच दिवसाचं वर्तमानपत्र ठेवून फोटो काढा.

दोन खोलींवर मोजा. दगड बांधलेली बाटली, बुचाला वेगळी दोरी, तळाशी गेल्यावर हिसडा. पहाटेही वरच्या आणि तळाच्या तापमानात दोन-तीन अंशांचा फरक असेल तर थर अजून शाबूत आहेत, आणि पुढचं वादळ महागात पडणार.

इशारा द्यायचा कुणाला

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवा, मासे मरण्याआधीच. पहाटेचा आकडा, जागा, वेळ, फोटो आणि तुमच्या पानावरचे गुण. नदीचं पाणी मासेमारीच्या योग्यतेचं ठरवताना केंद्रीय मंडळाचा निकष लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजनचा आहे. अर्जात हा आकडा लिहा. 'पाणी खराब झालंय' या वाक्यावर कार्यवाही होत नाही, '४ हवेत, पहाटे पावणेसहाला १.८ भरले' यावर निदान उत्तर तरी द्यावं लागतं.

दुसरा फोन जलसंपदा विभागाच्या शाखा अभियंत्याला. मागणी नेमकी ठेवा: बर्गे एकदम न काढता थोडे थोडे काढावेत, आणि वरून पाणी सोडायचं तर एकाच लोंढ्याऐवजी काही दिवस कमी पण सलग सोडावं. अचानक सोडलेलं पाणी कित्येकदा मदतीऐवजी तळ ढवळतं. नदीत एरेटर बसवण्याच्या सूचना दर वर्षी येतात. तलावाला ठीक, काही किलोमीटरच्या बंधाऱ्याला त्याचा उपयोग फोटोपुरता.

तिसरा निरोप मच्छिमारांना, आणि खरं तर तोच पहिला द्यावा. इशारा मिळाला तर ते जिवंत मासे आदल्या संध्याकाळी काढून विकू शकतात. मेलेले मासे मात्र बाजारात जाऊ देऊ नका. विषाची शंका असताना 'ताजेच आहेत' हे ऐकून घेऊ नका.

मासे मेलेच, तर मेलेल्या जागेचं पाणी घेऊन उपयोग नाही. वरच्या अंगाला चालत जा, प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी आणि त्याच्या थोडं वर, असे जोडीनं नमुने घ्या, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. किती पाणी किती वेगानं उतरलंय हे बंधाऱ्याच्या पातळीवरून काढलं तर घाण किती वाजता कुठून निघाली याचा अंदाज बांधता येतो.

जूनमध्ये बर्गे निघाले आणि नदी दुथडी वाहू लागली की रोजची नोंद बंद करून फक्त पुराच्या उताराकडे लक्ष ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बर्गे परत बसले की ती तारीख पानाच्या वर लिहा आणि कोरडे दिवस शेवटच्या चांगल्या पावसापासून मोजायला घ्या.